दोरी कुणाच्या हातात?



गेली काही वर्षं मी एका कारखान्याच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून जाते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अशी समिती बंधनकारक केली. मागच्या बैठकीत व्यवस्थापकांनी वार्षिक अहवाल पुढे ठेवला. तक्रारी : शून्य. "याही वर्षी शून्य, मॅडम," ते समाधानानं म्हणाले. मी सही केली.

बाहेर पडताना लाइनच्या कडेला एक मोठा फलक दिसला. वर 'कायझेन' असं लिहिलेलं, खाली 'पूर्वी' आणि 'आता' अशा फोटोंच्या जोड्या. एका फोटोत कंत्राटावरची एक मुलगी होती. स्क्रूचा ट्रे डाव्या हाताशी ठेवला तर दर वेळी वळावं लागणार नाही, असं तिनं सुचवलं होतं. त्याबद्दल तिला प्रशस्तिपत्र आणि स्टीलचा डबा मिळाला. तिचं कौतुक करायला मी थांबले, तर ती हळूच म्हणाली, "ताई, लघवीला जायचं तर बदली माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून आम्ही पाणीच कमी पितो."

"मग हे का नाही सुचवलंस?"

"ते सुचवणं नसतं हो, ती कटकट असते."

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

कायझेन हा जपानी शब्द. अर्थ साधा : चांगल्यासाठी बदल, तोही थोडाथोडा, रोज आणि सर्वांनी मिळून करायचा. टोयोटाच्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर ही रीत रुजत गेली. १९८६ साली मासाकी इमाई यांच्या पुस्तकानं ती जगभर पोचवली. त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे लाइनवरची दोरी. कामात काही चुकतंय असं दिसलं की साध्या कामगारानं ती ओढायची. गटप्रमुख लगेच यायचा आणि दोष तिथल्या तिथं निस्तरला नाही तर सगळी लाइन थांबायची. म्हणजे ज्याच्या हाताखालून काम जातं त्यालाच दोष आधी दिसतो, आणि त्यानं तो दाखवणं हा त्याचा उद्धटपणा नसून त्याचं कामच आहे, हे मान्य करणं.

आपल्याकडे फलक आले, प्रशस्तिपत्रं आली. दोरी मात्र फक्त मालासाठी राहिली. सेकंद वाचवणारी सूचना 'सुधारणा' ठरते आणि शरीराला त्रास होतो हे सांगणारी सूचना 'कटकट'. शिवाय वाचलेले सेकंद कुणाच्या पदरात पडतात? त्या मुलीला थोडी उसंत मिळाली का? नाही. तासाचा आकडा तेवढा वाढला. आणि जिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपणार आहे, ती दोरी ओढेल कशाच्या जोरावर? नोकरीची शाश्वती नसेल आणि पाठीशी संघटना नसेल, तर सूचनापेटी ही नुसती पेटीच राहते.

ज्या शून्यावर मी सही केली, त्याकडे आता मी वेगळ्या नजरेनं पाहते आहे. कायद्यात कायम नोकरीतल्या बायकांइतक्याच कंत्राटी, रोजंदारीवरच्या आणि शिकाऊ मुलीही येतात. पण समितीवर कोण आहे हे त्यांतल्या किती जणींना ठाऊक आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. हा कायदा काही कुणाच्या सद्बुद्धीतून आलेला नाही. राजस्थानात सरकारी कार्यक्रमात साथीन म्हणून काम करताना बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरी देवींवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत. स्त्री-संघटना न्यायालयात गेल्या, १९९७ साली विशाखा निकाल आला आणि त्यानंतर सोळा वर्षांनी कायदा. पुढे २०२३ साली, गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत, समित्या आहेत की नाहीत हे तपासा. कायदा एकदा मिळवून भागत नाही. तो रोज वापरात ठेवावा लागतो.

हे सगळं लिहिताना आपल्या घराकडेही पाहायला हवं. आमच्या कार्यालयात झाडलोट आणि चहा करणाऱ्या मावशी गेली कित्येक वर्षं आहेत. बैठक सुरू झाली की त्या बाहेर. सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर, ताटकळतात आणि काही जणी तशाच परत जातात, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. आम्ही मात्र बायका का येत नाहीत यावर चर्चा करत होतो! "आधी का नाही सांगितलंत?" असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "कुणी विचारलंच नाही." 'इथं सगळं घरच्यासारखं' असं आपण अभिमानानं म्हणतो. पण घरात बाईला तक्रारीची जागा असते का, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही सगळ्या, मावशींसह, तासभर बसतो. अध्यक्ष आळीपाळीनं. काय खुपतंय, कोण बदलणार आणि कधीपर्यंत, एवढंच वहीत लिहितो. पुढच्या बैठकीची सुरुवात मागचं पान वाचून होते. बाकांची जागा बदलली, व्हरांड्याला पडदा आला. मावशींच्या भरपगारी रजेचा मुद्दा मात्र तीन पानं पुढे सरकत आला आहे. तो वाचताना दर वेळी मान खाली जाते. जायलाच हवी. वही त्यासाठीच आहे.

कारखान्याच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे : समितीची माहिती प्रत्येक पाळीतल्या कंत्राटी मुलींपर्यंत समोरासमोर पोचावी, आणि लाइनवर बदली माणूस नेमला जावा. दुसरी गोष्ट समितीच्या कक्षेत येत नाही असं मला सांगितलं जाईल. तरी मी ती मांडणार आहे.

तुमच्या कामाच्या जागी, तुमच्या संस्थेतसुद्धा, दोरी कुणाच्या हातात आहे? ती ओढल्यावर काय झालं? जरूर लिहा. यश आलं असेल तर लिहाच, फसलं असेल तर आधी लिहा.