बी.ए.च्या हाती हॅक्सॉ
(द्वितीय वर्ष, कला)

'श्रमप्रतिष्ठा' हा आपल्या परीक्षांतला लाडका निबंध. गांधीजींचे नाव घ्यावे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चा दाखला द्यावा, की दहापैकी सात गुण कुठे जात नाहीत! पण निबंध लिहिणाऱ्या त्याच हातात कुणी करवत दिली तर? श्रमप्रतिष्ठेची खरी परीक्षा तिथे आहे, असे मला वाटते.

एक साधे काम उदाहरणादाखल घेऊ. ॲल्युमिनियमची चार सूत, म्हणजे अर्धा इंच जाडीची पट्टी घरच्या घरी, स्वस्त हत्यारांनी कापायची आहे. आपल्या आज्या ज्याला 'जर्मल' म्हणतात तोच हा धातू. वजनाला लोखंडाच्या साधारण एकतृतीयांश आणि मऊ. तेव्हा तो सहज कापला जाईल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा मऊपणाच नडतो. कीस हॅक्सॉच्या दातांत चिकटतो आणि दात बुजले की पाते कापायचे सोडून नुसते घासत राहते. म्हणून इंचाला ३२ दातांचे पाते पातळ पत्र्याला ठीक. जाड पट्टीला १८ किंवा त्याहून कमी दातांचे हवे, म्हणजे दोन दातांमध्ये किसाला जागा राहते. पात्याला थोडे तेल किंवा मेणबत्तीचे मेण चोळावे. दातांची तोंडे पुढे ठेवावीत. जोर पुढे जातानाच द्यावा, मागे येताना हात हलका असावा. पट्टी व्हाइसमध्ये घट्ट धरावी आणि घाई करू नये. कड साफ करण्यापूर्वी कानशीवर खडू घासावा, म्हणजे तीही बुजत नाही. लोखंडासाठीचे ग्राइंडरचे चाक मात्र इथे लावू नये. मऊ धातू त्यात भरतो, चाक तापते आणि फुटूही शकते.

हे सारे मला वडिलांनी शिकवले. ते फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला आहेत. शाळा त्यांची सातवीत सुटली. वरच्या प्रत्येक सूचनेमागे एक 'का' आहे आणि त्या प्रत्येक 'का'चे उत्तर त्यांच्यापाशी आहे. मग याला आपण ज्ञान का म्हणत नाही? वर्गात आपण जो कार्यकारणभाव शिकतो, तो याहून निराळा असतो काय?

कुणी म्हणेल, यंत्र हे काम मिनिटात करते. खरे आहे, पण यंत्राच्या पात्यालाही दातांचा हाच नियम लागू आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो खुद्द वडिलांचाच आहे. "हे करावं लागू नये म्हणून तर तुला कॉलेजात घातलं," असे ते म्हणतात. त्यांचे चुकत नाही. श्रमाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक दिवस व्हाइसपुढे दिवसभर उभे राहून पाहावे! पोटासाठी हे करावे लागू नये, हे मलाही मान्य आहे. पण ते येऊच नये, आणि ज्याला येते त्याला कमी लेखावे, हे शिक्षण नव्हे. घरातला पहिला पदवीधरच घरच्या विद्येला अडाणीपणा समजू लागला, तर त्या पदवीने घराला काय दिले?

या धातूचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल हा तरुण १८८५ साली ओबर्लिन कॉलेजातून बी.ए. झाला. पुढच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १८८६ रोजी, घरामागच्या लाकडाच्या खोपटात, घरीच केलेल्या विद्युतघटांवर, थोरली बहीण ज्युलिया हिच्या मदतीने त्याने विजेच्या साह्याने ॲल्युमिनियम मिळवले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यानेही स्वतंत्रपणे हीच रीत शोधली. एके काळी दुर्मिळ असलेला हा धातू त्यामुळे स्वस्त झाला आणि आपल्या चुलीपर्यंत पोचला. हात काळे केल्याने हॉलची पदवी काही कमी झाली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यवसायशिक्षणाचा पुरस्कार आहे. धोरण कागदावर राहू नये म्हणून माझी मागणी छोटी आहे. आपल्या कॉलेजात एक खोली असावी; तीत एक भक्कम टेबल, दोन व्हाइस, चार हॅक्सॉ, थोड्या कानशी आणि डोळ्यांना लावायचे चष्मे. शनिवारी दुपारी गावातला एखादा कारागीर मानधन देऊन शिकवायला बोलवावा. आणि तो वर्गात आला, की आपण सर्वांनी उभे राहून त्याला 'सर' म्हणावे.