रविवार कोणाचा ?

बडोद्यातील एका देवस्थानात गेल्या चातुर्मासात एक लहानसा अर्ज आला. नैवेद्याचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याने आठवड्यातून एक दिवस सुटी मागितली होती. विश्वस्तांपैकी एक वयोवृद्ध सद्गृहस्थ म्हणाले, "रविवार हा ख्रिस्त्यांचा. चैन त्यांच्या धर्मात. आपल्या देवाला सुटी कसली?" सगळे हसले. कायद्याचे सल्लागार म्हणून आम्ही तेथे होतो. आम्हीही हसलो, आणि अर्ज नामंजूर झाल्याचे उत्तर आम्हीच लिहून दिले. त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेखनप्रपंच.

ख्रिस्ती धर्म म्हणजे चैन, ही समजूत आपल्या घरांत कोठून शिरली हे उघड आहे. गोव्याचा कार्निव्हल, नाताळचा नाच, फेणीचा पेला. एवढ्यावर आपण एका धर्माचा निकाल लावतो. उद्या कोणी शिमग्यावरून आपला लावला तर? वस्तुतः त्या धर्माच्या अधिकाऱ्यांचा हात सुखाच्या बाबतीत बहुधा कडकच राहिला. इंग्लंडातील प्युरिटन पार्लमेंटने १६४७ साली नाताळचा सणच रद्द केला. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतील लग्नाची पारंपरिक गाणीसुद्धा बंद केली. ती गाणी आपल्याच आज्या-पणज्यांची होती, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

पण धर्माचे अधिकारी म्हणजे धर्म नव्हे. खुद्द येशूवर तत्कालीन लोकांनी खादाड आणि मद्यपी असा आरोप केला होता, ही नोंद शुभवर्तमानातच आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा त्याने उपदेश केला नाही. यजमानाची लाज राखली. सृष्टी ईश्वराची देणगी आहे, म्हणून तिचा आस्वाद घेणे पाप नव्हे. देणाऱ्याला विसरून देणगीलाच देव मानणे हे पाप. संत ऑगस्टीनने उपभोग आणि उपयोग यांत भेद केला तो याच अंगाने. आधी नैवेद्य दाखवून मग पानावर बसणाऱ्या आपल्या माणसाला यात परके असे काय आहे ?

परके आहे ते पुढेच, आणि शिकण्यासारखेही तेच. विश्रांतीची आज्ञा यहुदी धर्मशास्त्रातून ख्रिस्त्यांकडे आली. तीत घरधनी आहे, मुलगा-मुलगी आहेत. तेवढ्यावर ती थांबत नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका मनुष्य, सर्वांची नावे घेते. आम्ही वीस वर्षे कायद्याची कलमे वाचीत आहोत. लाभ कोणाकोणास, ही यादी कोठे संपते यावरून कायद्याची नियत कळते. धन्याने विसावावे म्हणून चाकराने राबावे, ही पळवाट येथे बंद आहे. पुढच्या ख्रिस्ती राजांना ती सापडली, हा भाग निराळा: कॉन्स्टंटाइन बादशहाने इ. स. ३२१ मध्ये रविवारची विश्रांती फर्माविली आणि शेतकऱ्यांना तीतून वगळले! ख्रिस्ती सरकारच्या अमलाखालील मुंबईतही गिरणीकामगाराला हक्काचा रविवार नव्हता. तो मिळविला कोण्या बिशपाने नव्हे, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. रविवार खंडोबाचा वार आहे, हा त्यांचा एक मुद्दा होता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी तो दिवस मान्य केला. तेव्हा रविवार ख्रिस्त्यांचा म्हणून नाकारणाऱ्याने आधी जेजुरीला जाऊन विचारावे.

आता कोणी म्हणेल, देवळातले काम ही सेवा आहे, नोकरी नव्हे. सेवा असेल तर पगाराच्या वहीवर सही कशाची घेता ? पगार देताना नोकर आणि सुटी मागताना सेवक, हे दोन्ही पक्षांचे वकीलपत्र एकाच वेळी घेणे झाले. आमच्या धंद्यात त्याला सनद जाते. राज्यघटनेच्या ४३ व्या कलमाने कामकऱ्यास अवकाशाचा पूर्ण उपभोग मिळावा असे ध्येय घातले आहे. ते न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे; पण देवळात जे करावयाचे ते न्यायालयाच्या भीतीनेच करावयाचे काय ? आणि आपल्या देवाला सुटी नाही हे कोणी सांगितले ? रोज रात्री शेजारती करून आपणच त्याला निजवितो. आषाढी एकादशीला तर चांगला चार महिने. त्याच चार महिन्यांत आपण त्याच्या आचाऱ्याला एक दिवस नाकारला.

अर्ज आम्ही पुन्हा काढून वाचला. त्यात रविवार नव्हताच. त्याने बुधवार मागितला होता, कारण त्या दिवशी देवळात गर्दी कमी असते. आम्ही आता नवे मत लेखी दिले आहे: बुधवार द्यावा, पगार कापू नये, आणि त्या दिवशीचा नैवेद्य विश्वस्तांच्या घरून पाळीपाळीने यावा. ते वयोवृद्ध सद्गृहस्थ पहिली पाळी घेण्यास तयार झाले आहेत. इतरांची उत्तरे अद्याप यावयाची आहेत.