शीत संलयनाला नियमांचे वावडे कशाला?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय आहे. देशभरातल्या गॅस सिलिंडरांचे नियम तिथून राबवले जातात. निदान या शहरात तरी ‘शीत संलयन, म्हणजे कोल्ड फ्यूजन, हा तर टेबलावरचा, खोलीच्या तापमानाचा प्रयोग, त्यात धोका कसला?’ हा युक्तिवाद खपता कामा नये.

पॅलेडियमचा तुकडा, जड पाणी आणि वीज एवढ्यावर अणुकेंद्रांच्या संलयनाची जादा उष्णता मिळाल्याचे रसायनशास्त्रज्ञ फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी 23 मार्च 1989 रोजी यूटा विद्यापीठात जाहीर केले. साहित्य थोडेच लागते, हे खरे. पण वीज सोडली की जड पाण्यातून ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन सुटू लागतात. एक अँपिअर प्रवाहाने तासाला सुमारे 0.4 लिटर ड्यूटेरियम निघतो, ऑक्सिजन त्याच्या निम्मा. बंद भांड्यात, म्हणजे सेलमध्ये, या दोघांचे पुन्हा पाणी करणारा उत्प्रेरक निकामी झाला, की आत स्फोटक मिश्रण साठते. 2 जानेवारी 1992 रोजी कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनलमध्ये असा सेल फुटून अँड्र्यू रायली हे संशोधक मृत्युमुखी पडले. तो अणुस्फोट नव्हता. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन यांनीच घात केला.

‘संलयन होतच नाही, मग नियम कशाला?’ असे संशयवादी विचारतात. गूगलच्या पैशाने झालेल्या प्रयोगांत त्याचा पुरावा सापडला नाही, हे 2019 साली ‘नेचर’मध्ये आले आणि ते मला मान्य आहे. पण रायलींचा जीव घ्यायला संलयन लागले नाही. उलट दावा खरा मानला, तर ड्यूटेरियमच्या परिचित संलयनातून एक वॅट उष्णतेमागे दर सेकंदाला लाखभर कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. अशा सेलजवळ बसलेला माणूस वाचणार नाही. न्यूट्रॉन निघतच नाहीत असे म्हणायचे असेल, तर तेही न्यूट्रॉन मोजणारा गणक लावूनच दाखवावे लागेल.

नियमांनी संशोधन गुदमरते, ही तिसरी तक्रार. पण शिस्तीने संशोधन अडत नाही. 1989 साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने अनेक गटांनी हे प्रयोग केले, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मोजले, अहवाल छापला. त्या निष्कर्षांवर वाद झाला, पण वाद घालायला मोजमाप तरी हाती होते.

माझे म्हणणे असे, की जो सेल हवा तेव्हा सुरू आणि बंद करता येत नाही, त्याच्या उष्णतेचा दावाही तपासता येत नाही. दाब किंवा तापमान मर्यादेबाहेर जाताच प्रवाह आपोआप तुटावा. सुरक्षा झडप असावी, उत्प्रेरकाचे तापमान सतत नोंदले जावे, सेल भक्कम आडोशामागे असावा. शेजारी तुलनेसाठी साध्या पाण्याचा तसाच सेल चालू ठेवावा. माणसाचा जीव राखणाऱ्या याच नोंदी उद्या दाव्याचा पुरावा ठरतात.

नागपूरच्या महाविद्यालयांनी हा प्रयोग जरूर करावा, पण प्रयोगशाळेत, जाणकार शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि गॅसचे नियम पाळून. घरच्या खोलीत कोणीही हा सेल मांडू नये.