चित्र भिंतीवर टांगले, गाणे कुठे ठेवले?

१/ संग्रहालयात काचेआड ठेवलेले चित्रकथीचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. टपोऱ्या डोळ्यांचे, एका बाजूने रेखलेले वीर, ताणलेली धनुष्ये, धावते रथ. दोन मिनिटे थांबून आपण पुढे सरकतो. माझे स्पष्ट मत असे, की त्या वेळी आपण ते चित्र पाहिलेलेच नसते. असे का म्हणतो, ते या धाग्यात मांडतो.

२/ चित्रकथी म्हणजे चित्र दाखवीत कथा सांगणारा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अशा कथकांचा उल्लेख येतो. म्हणजे ज्ञानेश्वरी सिद्ध होण्याच्याही आधीपासून दख्खनच्या भूमीवर ही माणसे वावरत होती.

३/ महाराष्ट्रात ही परंपरा आज प्रामुख्याने टिकून आहे ती सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजात. तिला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभला. देवळांतून आणि गावोगाव फिरून हे कलावंत रामायण-महाभारतातील आख्याने सादर करीत. एका आख्यानाच्या चित्रसंचाला म्हणतात ‘पोथी’. पण या पोथीत वाचायला मजकूर नाही. चित्रांचे कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, आणि मजकूर सारा कथेकऱ्याच्या कंठात.

४/ प्रयोगाची रीत पाहा. मुख्य कथेकऱ्याच्या हाती वीणा, साथीदारांकडे हुडूक आणि टाळ. समोर एक चित्र उभे केलेले. कथेकरी गातो, मध्येच थांबून गद्यात निरूपण करतो, पात्रांचे संवाद बोलतो. प्रसंग संपला की पुढचे चित्र येते. कोणत्या चित्रावर किती रेंगाळायचे, हे तो समोरच्या श्रोत्यांकडे पाहून ठरवतो.

५/ आता बभ्रुवाहनाचे आख्यान घ्या. चित्रात दिसतात समोरासमोर उभे ठाकलेले दोन धनुर्धर. त्यांतला एक अर्जुन आणि दुसरा त्याचाच पुत्र, हे रेषा सांगत नाही. बाप मुलाच्या बाणाने पडणार आहे, हेही ती सांगत नाही. ते सांगतो गाणारा. त्याला वगळले, की उरते केवळ एक युद्धाचे चित्र. सुंदर खरे, पण मुके.

६/ आपण मात्र या कलेचे तुकडे करून ती वाटून टाकली. यातली बरीच जुनी चित्रे पैठण परिसरात मिळाली, म्हणून त्यांना ‘पैठणची चित्रे’ हे नाव पडले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत. नावात चित्रे सापडल्याचे ठिकाण राहिले, ती घेऊन हिंडणारा माणूस गळाला. तो माणूस शोधायचा तर शासनाची भटक्या जमातींची यादी उघडावी लागते. तिथे ‘चित्रकथी’ ही जमात म्हणून नोंदलेली आहे. कला एका कपाटात, माणूस दुसऱ्या कपाटात आणि गाणे कुठल्याच कपाटात नाही.

७/ यावर कोणी म्हणेल, संग्राहकांनी ती चित्रे जपली नसती तर वाळवीने आणि कोकणच्या दमट हवेने ती केव्हाच गिळली असती. हे मान्यच करायला हवे. दिनकर केळकरांसारख्यांचे ऋण मोठे आहे. सुटी चित्रे रंगवून विकणाऱ्या आजच्या कलावंतालाही मी दोष देत नाही. रात्रभराच्या आख्यानाला श्रोता नाही आणि चौकटीतल्या चित्राला गिऱ्हाईक आहे, तर त्याने करावे काय? दोष आपल्या दृष्टीचा आहे. जे टांगता येते तेवढ्यालाच आपण वारसा म्हणतो.

८/ शेजारच्या परंपरांशी ताडून पाहा. राजस्थानात ‘फड’ रंगवणारे जोशी चितारी वेगळे आणि ती उलगडून रावणहत्थ्यावर गाणारे भोपे वेगळे. बंगालचा पटुआ मात्र स्वतःच पट रंगवतो आणि स्वतःच गातो. रीती भिन्न, पण सूत्र एकच: सूर लागल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहिताना हे सूत्र तळटीपेत ढकलणे ही चूकच आहे.

९/ पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी घराच्या गोठ्यात संग्रहालय उभारले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या गोठ्याचे मोल मला वाटते ते यासाठी, की तिथे चित्र आणि ते सांगणारा माणूस एकाच छपराखाली आहेत.

१०/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रांनो, एक विनंती. कोकणात जाल तेव्हा केवळ छायाचित्र काढून परतू नका. कथेकऱ्याला योग्य मानधन द्या आणि एक आख्यान अथपासून इतिपर्यंत ऐका. त्याची अनुमती असेल तर ध्वनिमुद्रण करा, कथेकऱ्याच्या नावासह जपा. कागद आणखी शंभर वर्षे टिकवता येईल. कंठाला तेवढा अवधी नसतो.

(धागा समाप्त)