नावातली घटना

मोरचूद, हिराकस, नवसागर ही आपल्या बाजारातील नावे कितीही परिचित असली, तरी त्या पदार्थांच्या घटनेविषयी ती अवाक्षर काढीत नाहीत. उलट १७८७ साली पॅरिस येथे रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी जी नामपद्धती प्रसिद्ध केली, तिचे मर्मच हे की, नाव उच्चारताच संयुगातील घटकांचा दाखला मिळावा. मोरचुदाला कॉपर सल्फेट म्हणताच त्यात तांबे, गंधक व प्राणवायू आहेत हे कळते. तेच नाव कॉपर सल्फाइड झाले, की प्राणवायू वजा होतो. केवळ अंत्य अक्षरांच्या फेरबदलाने एवढा अर्थभेद दर्शविणारी ही भाषा आपल्या शाळांतून मात्र पाढ्यांसारखी घोकून घेतली जाते, याचे मला मनस्वी दुःख होते. सूत्रांचीही तीच गत. अ‍ॅल्युमिनियमची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जुळण्याची शक्ती, तीन व ऑक्सिजनची दोन, म्हणून पहिल्याचे दोन अणू दुसऱ्याच्या तिहींशी जुळले म्हणजे उभय बाजूंचा हिशेब सहावर मिटतो, हे ज्या मुलाने एकदा स्वतः मांडून पाहिले, त्याला त्या ऑक्साइडाचे सूत्र पाठ करण्याची गरजच काय? लोखंडाची संयुजा कधी दोन, कधी तीन. म्हणूनच फेरस आणि फेरिक हा भेद. तेव्हा शिक्षकांनी संयुजा आधी शिकवावी, सूत्रांचे तक्ते मागाहून द्यावेत, आणि हिराकसाचा हिरवा खडा वर्गात मुलांच्या हाती देऊनच ‘फेरस सल्फेट’ हे शब्द फळ्यावर लिहावेत.