रहस्यकथेला तळटीपेत ढकलू नका

दिवाळी अंकाची रहस्यकथा संपादकांना गणपतीच्या आत हवी असते. नांदगावच्या घरात मी ती पहाटे लिहिते. नळाला पाणी आलं की पेन ठेवून आधी पिंप भरायचं, मग संशयिताकडे वळायचं. मांजर नेमकी ओल्या शाईच्या पानावर बसते, आणि भाकरी मिळेपर्यंत कुत्रा उंबऱ्यावरून हलत नाही. यातलं काहीच मला अडथळा वाटत नाही. नासलेलं दूध हुंगून मांजर कशी मागे सरते ते मी घरीच पाहिलं. विषप्रयोगाचा प्रसंग त्यावरच उभा राहिला.

राग येतो तो या लेखनाला ‘टाइमपास’ म्हणतात त्याचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या नादानं कितीतरी घरांत वाचनाची गोडी लागली. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजारापुढचाच. एवढं लेखन मुदती पाळल्याशिवाय होत नाही, आणि ती शिस्त वाङ्मयेतिहासात नोंदवायलाच हवी. तालुक्याच्या वाचनालयांनी या पुस्तकांची सुटलेली पानं पुन्हा बांधून घ्यावीत, नव्या खरेदीच्या यादीत रहस्यकथेला जागा ठेवावी. मागणी वाचकांनीच करायची. वाचनालयात वही असते, त्यात लिहा.