पहिल्या नंबराचं बक्षीस बंद करा, शिडी लावा



तुमच्या दुकानात 'महिन्याचा बेस्ट सेल्समन' असा बोर्ड आहे का? असेल तर मागच्या सहा महिन्यांची नावं एकदा वाचा. बहुतेक ठिकाणी तीच एक-दोन नावं आलटून पालटून येतात. बाकीच्यांनी त्या बोर्डाकडे बघणं कधीच सोडलेलं असतं. मग आपण म्हणतो, "यांच्यात जिद्दच नाही हो!" माझं स्पष्ट मत आहे, दोष माणसांचा नाही, स्पर्धेच्या नियमांचा आहे.

टेनिस खेळणाऱ्या हौशी मंडळींनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय. तो कसा, ते बघू.

विंबल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि पहिली फेरी संपली की त्यातले ६४ बाहेर. ते व्यावसायिक खेळाडू, त्यांना पुढची स्पर्धा असते. पण एखाद्या क्लबात ऑफिस-धंदा सांभाळून खेळणारे ३२ जण आहेत, तिथे नॉकआउट घेतलं तर १६ जणांची स्पर्धा एकाच मॅचमध्ये आटोपली! बरं, प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवायचं म्हटलं तर ४९६ मॅचेस होतात. एवढा वेळ कुणाकडे आहे?

म्हणून क्लबात 'लॅडर' चालवतात, म्हणजे शिडी. सगळ्यांची नावं क्रमाने लिहायची. तुम्ही फक्त तुमच्या वरच्या दोन-तीन पायऱ्यांवरच्या माणसाला चॅलेंज द्यायचं. किती पायऱ्या, ते क्लब ठरवतो. समजा सातव्याने पाचव्याला हरवलं, तर तो पाचवा होतो आणि आधीचे पाचवा-सहावा एकेक पायरी खाली सरकतात. काही क्लबांत नुसती अदलाबदल होते. चॅलेंज देणारा हरला तर क्रम आहे तसाच राहतो. हरलेल्याला लगेच त्याच माणसाला पुन्हा चॅलेंज देता येत नाही. नवीन माणूस साधारणपणे सगळ्यात खालून सुरुवात करतो.

या नियमांत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, आवाक्यातलं ध्येय. अठ्ठाविसाव्या नंबरच्या माणसाला पहिल्याशी देणंघेणं नाही. त्याला सव्विसावा दिसतो, आणि सव्विसाव्याला हरवणं जमण्यासारखं असतं. म्हणून तो पुढच्या रविवारी पुन्हा येतो.

दुसरी, वर बसलेल्याला आराम नाही. चॅलेंज आलं की ठरलेल्या मुदतीत, साधारण एक-दोन आठवड्यांत, खेळावंच लागतं. "पाय दुखतोय, पुढच्या महिन्यात बघू" असं टाळत राहिलात तर बऱ्याच क्लबांत जागा जाते. एटीपीच्या जागतिक क्रमवारीतही स्पर्धेचे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे मागच्या वर्षीच्या कामगिरीवर कायमचं बसून राहता येत नाही.

तिसरी, विश्वास. या मॅचेसना सहसा पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं, आणि शंका असेल तर फायदा समोरच्याला द्यायचा. पंच नसताना टेनिसचा नियमच तसा आहे.

आता आपल्या दुकानात. इथे एक सावधगिरी ठेवा, विक्रीच्या रकमेवर शिडी लावू नका. दाराजवळच्या काउंटरवर उभा राहणारा जास्तच विकणार, आणि रकमेसाठी पोरं एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायला लागतील. माणसाच्या स्वतःच्या हातात आहे ती गोष्ट निवडा. रॅकचा स्टॉक जुळणं, बिलातल्या चुका, ऑर्डर वेळेवर पॅक होणं, असं काहीतरी. मग सातवा पाचव्याला म्हणेल, "पुढचे दोन आठवडे बघू, कुणाच्या रॅकचा स्टॉक जास्त जुळतो."

बक्षीस द्यायचंच असेल तर जागेला देऊ नका, चढलेल्या पायऱ्यांना द्या. आठवरून पाचवर आलेला पोरगा पहिल्या नंबरपेक्षा जास्त शाबासकीचा मानकरी आहे. आणि पगार याला अजिबात जोडू नका. पगार जोडला की खेळ संपतो आणि भांडण सुरू होतं.

कुणी म्हणेल, शेवटच्या पायरीवरच्याचं काय? त्याला वाईट वाटणारच. पण बोर्डावर तो कुठेच नव्हता, इथे त्याला वर जायचा रस्ता तरी दिसतो. त्याला सगळ्यांसमोर बोलायचं नाही, एवढं पथ्य मालकाने पाळायचं. आणि तुमच्याकडे तीनच माणसं असतील तर हे करूच नका, तिथे रोजचं बोलणं पुरतं.

आपला स्टार सेल्समन कुठे जात नाही हो, त्याचं कौतुक सगळेच करतात. दुकान सोडून जातो तो मधला, चौथ्या-पाचव्या नंबरचा, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. आणि तो गेल्यावर कळतं की निम्मं दुकान तोच सांभाळत होता.

या आठवड्याचं काम एवढंच: कागद घ्या, मोजायची एक गोष्ट ठरवा आणि सहा आठवड्यांसाठी शिडी लावा. नियम टीमला विचारून लिहा. सहा आठवड्यांनी कोण पहिला आला ते बघूच नका, किती जण जागचे हलले ते मोजा.